त्या ‘निरंक’वर मी सही केलेली नाही

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी, तसेच सर्व गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांना

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी एका खेड्यात शिवणकाम करते. माझा धाकटा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला आहे आणि त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. पंधरा दिवसांपूर्वी शाळेतून एक कागद माझ्या दुकानात सहीला आला. गेल्या तीन महिन्यांत तक्रारपेटीत आलेल्या तक्रारी, विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला त्रास दिल्याच्या घटना, त्यावर केलेली कार्यवाही, असे तीन रकाने. तिन्हींत एकच शब्द होता : निरंक. म्हणजे काहीच नाही. खाली चौघांच्या सह्या झालेल्या, पाचवी माझी हवी होती.

त्याच तीन महिन्यांत मी स्वतः दोनदा तोंडी आणि एकदा लेखी तक्रार केलेली आहे. पोच माझ्याजवळ आहे. म्हणून सही केली नाही, कागद ठेवून घेतला आणि हे पत्र लिहायला बसले.

गावाचं, शाळेचं, तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका मुख्याध्यापकांना उभं करून हे मिटणारं नाही. ब्लाऊज शिवायला टाकायला येणाऱ्या बायका पाच-सहा गावांच्या असतात, आणि लेकरांचा विषय निघाला की त्यांच्याकडूनही मी हेच ऐकते.

माझी बहीण आणि भाऊजी दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. भाचा आजवर त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, राहायचा आणि दर वर्षी निम्मी शाळा बुडायची. यंदा तो पाचवीला आला तेव्हा मीच बहिणीला म्हणाले, लेकरू माझ्यापाशी राहू दे, शाळा तुटायला नको.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवडाभरात त्याला नाव पडलं, ‘वाढ्या’. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. तोडकरी त्याच्या पेंढ्या बांधून जनावरांसाठी विकतात, त्यावर त्यांचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो. माझी बहीण उन्हातान्हात जे विकते, ते तिच्या लेकराचं नाव झालं. मग खिचडीच्या रांगेत एक आरोळी सुरू झाली, “वाढ्याला वाढू नका!” रांगेतली सगळी पोरं हसायची. पुढं त्याची चप्पल स्लॅबवर फेकली, वही पाण्याच्या टाकीत टाकली. घरी येताना रस्त्यावरच्या मोरीपर्यंत तिघांची दप्तरं त्याच्या पाठीवर असायची.

त्यानं मला यातलं काही सांगितलं नाही. जानेवारीत त्याला लघवीला आग व्हायला लागली, दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, हा दिवसभर पाणीच पीत नाही. मी घरी येऊन त्याच्यावरच ओरडले. दोन दिवसांनी रात्री जेवताना माझा धाकटा ताटात बघत म्हणाला, “मम्मी, नळापाशी त्याला ते उभंच राहू देत नाहीत.”

“तुला कधीपासून ठाऊक?”

“दिवाळीपासून.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“बोललो असतो तर मला धरलं असतं.”

मला त्याच्यावर हात उगारावासा वाटला होता, पण उगारू शकले नाही. १९९६ साली मी सातवीला होते तेव्हा आमच्या वर्गात एक पारधी मुलगी होती. काही हरवलं की सगळ्यांसमोर तिचं दप्तर उपडं करायचे. दर वेळी. पेन सापडायचा दुसऱ्याच्याच दप्तरात, पण तिला कुणी काही म्हणायचं नाही. मी तिच्या शेजारच्या पट्टीवर बसायचे आणि बाकीच्यांबरोबर मीही हसले आहे. पोळ्यानंतर ती शाळेत आली नाही. का आली नाही, हे आम्ही कुणी विचारलं नाही, गुरुजींनीही नाही. तीस वर्षांनी माझ्याच ताटासमोर माझा मुलगा तसाच गप्प बसलेला होता, आणि तोंड उघडायला त्याला अडीच महिने लागले. म्हणजे या तीस वर्षांत शाळेनं या बाबतीत मला जे शिकवलं नाही, ते त्यालाही शिकवलेलं नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. खालच्या सगळ्या तिच्यातूनच निघतात.

मी शाळेत गेले तेव्हा उत्तर मिळालं, “लेकरं हायत ताई, चालायचंच. आमालाबी चिडवायचे.” साहेब, खोडी, मस्करी, भांडण आणि छळ यांतला फरक शाळेला कळत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. दोन बरोबरीची पोरं चेंडूवरून भांडतात, संध्याकाळी पुन्हा खेळतात, ते भांडण. त्यात मी पडणार नाही. पण एकाच लेकराला, ठरवून, रोज, आणि त्याला उलटून काही करता येत नाही हे माहीत असताना त्रास देणं हे भांडण नव्हे. माझ्या भाच्याला उलटून का बोलता येत नव्हतं? त्या तिघांतल्या म्होरक्याचे चुलते ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम आहेत आणि माझ्या बहिणीनं त्यांच्याकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली आहे. मी तिला फोन केला तर ती कारखान्यावरून म्हणाली, “ताई, काई बोलू नको. उचल फिटू दे.” दहा-अकरा वर्षांच्या दोन पोरांमध्ये मोठ्या माणसांचा व्यवहार उभा होता, आणि मला सांगितलं गेलं, चालायचंच.

चिडवायच्या नावांकडे तुम्ही कधी नीट बघितलं आहे का? आमच्याकडे त्यातली निम्मी जातीची असतात, बाकीची आईबापाच्या धंद्याची, भाषेची, रंगाची, व्यंगाची. तांड्यावरची पोरगी वर्गात चुकून गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलली की आठवडाभर तिच्या बोलण्याची नक्कल होते. लंगडणाऱ्या पोराला त्याच्या नावानं हाक मारणारं शाळेत कुणी सापडत नाही. मोठ्या मुलींचं तर वेगळंच. सरकारनं त्यांना एसटीचा मोफत पास दिला, मानव विकासच्या निळ्या गाड्या दिल्या, त्याचे उपकारच आहेत, पण थांब्यावर टवाळी सुरू झाली की घरचे पोरीलाच घरी बसवतात. पास तसाच पडून राहतो.

आता पेटीबद्दल. बदलापूरच्या प्रकारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं शाळांच्या सुरक्षिततेसाठी कडक आदेश काढले. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. ते काढायलाच हवे होते, आई म्हणून मी त्यांच्या बाजूनं आहे. पण आमच्या शाळेतली पेटी मुख्याध्यापकांच्या दाराला लागून भिंतीवर आहे. तिच्यात चिठ्ठी टाकायला जाणारं लेकरू अख्ख्या व्हरांड्याला दिसतं. कुलपाला गंज आहे. चिठ्ठीत काय लिहायचं, लिहिलं तर पुढं काय होतं, ती कोण वाचतं, हे मुलांना कुणी सांगितलेलं नाही. माझ्या धाकट्याला वाटत होतं की ती पेटी मास्तर लोकांच्या टपालाची आहे! कॅमेरा फाटकावर आहे, आणि जे घडतं ते टाकीमागं, मुताऱ्यांपाशी आणि मोरीवर घडतं. ‘वाढ्या’ हा शब्द तर कॅमेऱ्यात येतच नाही. सखी सावित्री समिती कागदावर आहे. ज्या माउलीवर शाळेच्या वाटेत शेण फेकलं गेलं, तिच्या नावाची समिती आमच्या शाळेच्या वाटेवर काय चाललंय ते बघायला एकदाही बसलेली नाही. हे लिहिताना मला त्रास होतो.

मी लेखी तक्रार दिली तेव्हा जे झालं ते तर न झालेलं बरं. परिपाठाला सगळ्या शाळेसमोर त्या तिघांना उभं केलं, दोन-दोन छड्या दिल्या, आणि भाच्याला पुढं बोलावून त्याच्या हातात हात देऊन माफी मागायला लावली. टाळ्या झाल्या. त्या दिवशी मोरीवर त्याला पहिल्यापेक्षा जास्त मार बसला, आणि नवं नाव मिळालं, ‘चुगली’. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याचं १७वं कलम मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. २९वं कलम म्हणतं की शिक्षण मुलाला भीतीपासून, दडपणापासून मोकळं करणारं असावं. ही दोन्ही कलमं त्या तिघांनाही लागू आहेत. त्यांतल्या एकाला त्याचा बाप दारू पिऊन पट्ट्यानं मारतो, हे गावाला ठाऊक आहे. त्याला शाळेत आणखी दोन छड्या देऊन आपण काय शिकवलं?

आणि भाच्याला काय सांगितलं गेलं? सहन करायला शिक. आपल्याकडे अशा वेळी पैठणच्या नाथांची गोष्ट हमखास निघते. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला, नाथ तितक्या वेळा न रागावता परत नदीवर गेले. नाथ जाणते होते, त्यांनी ती शांती स्वतः निवडली होती. पाचवीतल्या लेकराकडे निवडायला काय असतं?

पाचवीच्या वर्गावर यंदा एक तरुण बाई आल्या आहेत. माफीच्या त्या प्रकारानंतर त्यांनी शनिवारी एक तास आपल्या मनानं सुरू केला. त्यांनीही नाथांचीच गोष्ट घेतली, पण दुसरी. भर दुपारी नदीच्या वाळवंटात तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होतं, अस्पृश्य मानलेल्या घरचं, आणि नाथांनी ते कडेवर उचलून घरी पोचवलं. गोष्ट संपल्यावर बाईंनी मुलांना एकच विचारलं : वाळवंटात तेव्हा बाकीची माणसं काय करत होती? भाचा सांगतो, वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एक मुलगी म्हणाली, “बघत होती.”

पुढच्या शनिवारी बाईंनी फरशीवर खडूनं शाळेचा नकाशा काढला आणि मुलांना चिंचोके दिले. जिथं भीती वाटते तिथं चिंचोका ठेवायचा, कोण घाबरवतं ते सांगायचं नाही. टाकीमागं ढीग झाला, मोरीवर त्याहून मोठा. फक्त माझ्या भाच्याचे चिंचोके नव्हते ते, वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे होते. तिसऱ्या शनिवारी त्यांनी ठरवलं की हसायचं नाही, एवढं तरी प्रत्येकाला जमेल. ज्याला जास्त जमेल त्यानं जाऊन म्हणायचं, “चल, बाई बोलावतायत,” आणि त्या लेकराला तिथून घेऊन यायचं. हे दोघं-दोघं मिळून करून बघितलं, नाटकासारखं. चौथ्या आठवड्यात वर्गातली दोन पोरं आपणहून भाच्याबरोबर नळाला गेली.

पाचवा शनिवार झाला नाही. हा तास वेळापत्रकात नाही, वरून मागितलेली माहिती राहिली आहे, ती आधी भरा, असं बाईंना सांगण्यात आलं. मग त्या जागी एके दिवशी सगळ्या शाळेला शपथ देण्यात आली, फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि त्या तिमाहीचा विषय संपला.

माझी थोरली मुलगी संभाजीनगरला समाजकार्याचं शिकते. तिनं मला सांगितलं की बाई जे करत होत्या त्याला जगभरात आधार आहे. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीला तीन मुलांनी आत्महत्या केल्या, शाळेतल्या छळामुळं केल्या असं मानलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी त्या सरकारनं देशभर मोहीम काढली. डॅन ओल्वेयस नावाच्या अभ्यासकांनी बर्गेन शहरातल्या शाळांत काम करून बघितलं, आणि त्यांच्या पाहणीत दोन वर्षांत त्रास जवळपास निम्म्यावर आला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं सरकारच्या पैशातून ‘किवा’ नावाचा कार्यक्रम बसवला. त्याचा सगळा भर बघणाऱ्या मुलांवर आहे. वर्षभर ठरलेले तास असतात, शाळेत तीन मोठ्या माणसांचा एक गट असतो, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकांना लांबून दिसेल असं ठळक जॅकेट असतं. कॅनडातल्या अभ्यासकांनी शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून ठेवलं, ते २००१ मध्ये छापून आलं. बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला मुलं हजर होती. मध्ये पडणारी थोडी, पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला.

दहा सेकंद, साहेब. माझा भाचा तीन महिने तहानलेला राहिला.

ते देश श्रीमंत आहेत हे मला कळतं. आमच्याकडे दोन शिक्षकांवर चार वर्ग असतात आणि शिक्षकांच्या डोक्यावर माहित्यांचा ढीग असतो. पण बाईंना त्या चार शनिवारांत खडू आणि चिंचोके लागले, बाकी काही लागलं नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं मांडते.

पहिलं आणि सगळ्यात मोठं. पहिलीपासून आठवीपर्यंत आठवड्याला एक तास या विषयाला द्या, वेळापत्रकात लिहून द्या, आणि त्या तासाला दुसरं काम लावू नका. शपथ, फेरी, भाषण म्हणजे तो तास नव्हे. युनेस्कोनं नोव्हेंबरचा पहिला गुरुवार शाळेतल्या छळाविरुद्धचा दिवस म्हणून ठरवला आहे. आपल्याकडे तेव्हा टोळ्या गेलेल्या असतात आणि हजारो लेकरं आजी-आजोबांपाशी, मावशी-आत्यापाशी किंवा हंगामी वसतिगृहात नव्यानं राहिलेली असतात. त्या दिवसापासून पुढचे पंधरा दिवस या मुलांकडे खास लक्ष द्या. वसतिगृहात तर रात्रीचंही. तिथं लहान-मोठी मुलं एकत्र झोपतात आणि आईबाप शेकडो कोसांवर असतात.

शिक्षकांना हे शिकवा. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास ठेवा, डाएटमधल्या, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतल्या, लोकांना बोलवा, आणि उदाहरणं आमच्या मुलखातली घ्या : कोयत्याची, तांड्याची, पालावरची. ज्या शिक्षकांनी आपल्या मनानं काही करून बघितलं आहे त्यांना तिथं बोलू द्या. आमच्या बाईंचा तास आधी परत सुरू करा.

सगळ्यांसमोर माफी आणि छडी, दोन्ही बंद करा. दोन्ही बाजूंच्या मुलांशी वेगवेगळं बोला, आईबापांशी बोला, आणि आठ दिवसांनी व महिन्यानं पुन्हा विचारा. ज्यानं सांगितलं त्याला चुगलखोर ठरवू देऊ नका. आपला फायदा करायला नाव सांगणं वेगळं आणि कुणाला वाचवायला सांगणं वेगळं, हा फरक पहिलीच्या मुलालाही समजतो, आपण समजावला तर. १०९८ हा मुलांच्या मदतीचा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबरही मुलांना पाठ करून घ्या, पाढ्यांसारखा.

पेटी लोकांच्या नजरेआड हलवा. ती दर आठवड्याला समितीतल्या एका आईसमोर उघडा आणि तारीख-वेळ वहीत लिहा. मधल्या सुट्टीत नळापाशी आणि मुताऱ्यांपाशी एक मोठं माणूस उभं करा. शिक्षक कमी पडत असतील तर आम्ही आया पाळीपाळीनं येतो, मी पहिल्या आठवड्याचं नाव आजच देते. तालुक्याला निदान एक समुपदेशक द्या, जो ठरलेल्या वारी प्रत्येक केंद्रात येईल.

आणि शेवटचं, तुमच्या कार्यालयापुरतं. अहवालात ‘निरंक’ आलं की ती शाळा चांगली असं धरू नका. शंभर-दीडशे लेकरांच्या शाळेत तीन महिने कुणी कुणाला छळलं नाही असं लिहून येतं तेव्हा तिथं कुणी विचारलेलंच नसतं. अशा शाळेला भेट द्या. जी शाळा पाच तक्रारी आणि त्यांचं काय केलं ते प्रामाणिकपणे लिहून पाठवते, तिच्या मुख्याध्यापकांना नोटीस काढू नका, नाहीतर पुढच्या तिमाहीत तेही निरंकच लिहितील. आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. तक्रारींचा आकडा दिसला की वरून विचारणा येते, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

भाचा अजून शाळेत जातो. मी त्याला घरून बाटली भरून देते. परवा ती अर्धी रिकामी होऊन आली, काल पुन्हा भरलेलीच.

तो कागद माझ्या मशीनच्या खणात आहे. रकान्यांत जे झालं ते लिहून पाठवा, मी त्याच दिवशी सही करून देते.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य,
आणि पाचवीतल्या एका मुलाची मावशी